धुऊन परत दिलेला डबा

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. मास्तरांनी इतक्या वर्षांत तो किती वेळा दाबला असेल याला गणती नव्हती. "आता आरशात बघा" असं म्हणता म्हणता त्यांचा पाय खाली जायचा, गाडी शहाण्यासारखी थांबायची आणि शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली. मास्तर तसं वाटू द्यायचे.

एका सकाळी तो पाय पोचलाच नाही.

गाडी चालवत होत्या चित्रकलेच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, केस पांढरेशुभ्र. नवरा वारल्यावर त्याची गाडी दारात उभी राहून गंजायला लागली, ते बघवेना म्हणून त्या शिकायला आल्या होत्या. हात ठाम होते, पाय मात्र विसरभोळे. बेकरीच्या कोपऱ्यावर गल्लीतून एक मुलगी सायकलवरून सुसाट बाहेर आली आणि बाईंनी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मास्तरांचा पाय सवयीनं पुढे गेला आणि हवेतच राहिला. पोट मावावं म्हणून सीट मागे सरकवत सरकवत ती आता शेवटच्या खाचेत जाऊन बसली होती. पुढे घसरावं, तर पट्टा ताणून संपलेला. मास्तर पाय झाडत राहिले, पाण्यात पडलेल्या माणसासारखे. शेवटी बाईंनाच ब्रेक सापडला. तोवर बंपर सायकलच्या मागच्या चाकाला लागला होता आणि मुलगी फुटपाथवर आपटली होती.

गुडघा खरचटला, तेवढ्यावर निभावलं. मुलीनं उठून दोघांचा यथेच्छ उद्धार केला आणि वाकडं झालेलं चाक ढकलत ती निघून गेली.

"माझंच चुकलं हो मास्तर," बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होत्या. "या वयात हे खूळ नकोच होतं."

"होतं असं. शिकताना व्हायचंच," मास्तर म्हणाले. पुढचं वाक्य, म्हणजे खरं वाक्य, त्यांच्या तोंडून निघेना.

जाड असणं मास्तरांना नवीन नव्हतं. शाळेत ते 'ढब्बू' होते, स्कूलमध्ये त्यांच्या पाठीमागे 'डबलसीट'. पाठीमागे कसलं, तोंडावरच. मालक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या डबलसीटकडे शिका, टायर पंक्चर झालं तरी गाडी हलणार नाही." सगळे हसायचे, मास्तरही हसायचे. खरं तर सगळ्यांच्या आधी हसायचे, म्हणजे मग दुसऱ्याचं हसू फारसं लागत नाही. डाएट करून झाले, पहाटे चालून झालं, कसलीशी कडू पावडर पिऊन झाली. वजन थोडं उतरायचं आणि माहेरपण करून आलेल्या सुनेसारखं दुप्पट सामान घेऊन परत यायचं. गुडघे बोलायला लागले होते, झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांनी मागेच ऑपरेशनचं सुचवलं होतं आणि मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं होतं. पण हवेत झाडलेला तो पाय काही डोळ्यांपुढून हटेना. ती मुलगी जरा अलीकडे असती तर? त्याच आठवड्यात त्यांनी हॉस्पिटल गाठलं.

सर्जन बाई तरतरीत होत्या. कागदावर एक फुगीर पिशवी काढून तिचा मोठा भाग त्यांनी रेघेनं कापून दाखवला. "एवढं काढून टाकायचं. एक अरुंद नळी उरेल, त्यात मूठभर मावेल. दुर्बिणीतून करतो, मोठा छेद नाही. पण नीट ऐका, हे सोपं नाहीये. आम्ही पोट लहान करू. बाकीचं आयुष्य तुम्हाला लहान-मोठं करायचंय."

मग त्यांना एका समुपदेशक मुलीकडे पाठवलं. तिनं विचारलं, "घरी कोण असतं?"

"मी एकटाच. बहीण वरच्या मजल्यावर राहते."

"छान. दोघं मिळून काय काय करता?"

मास्तरांनी बराच विचार केला. "जेवतो," ते म्हणाले.

"आणि?"

"आणि... नाही, जेवतोच."

मुलगी हसली. तिला तो विनोद वाटला.

पण ते अगदी खरं होतं. मास्तर आणि ताई रोज संध्याकाळी ताईच्या टेबलाशी समोरासमोर बसून जेवत आले होते. ताई त्यांच्याहून बरीच मोठी. सकाळी पाळणाघरात कामाला जायची, दुसऱ्यांच्या पोरांना भरवायची, आणि दुपारी घरी येऊन भावासाठी रांधायला लागायची. तिनं लग्न केलं नव्हतं. का, ते मास्तरांनी कधी विचारलं नाही. उत्तर आपल्यापाशीच येऊन थांबेल अशी त्यांना भीती होती. जेवताना बोलणं फार नसायचं. मीठ बरोबर आहे ना, आणखी एक घे, हे माझ्यातलं घे, मला नको झालंय. मास्तर घ्यायचे. ताईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान पसरायचं, त्यासाठी ते पोट भरल्यावरही घेत राहायचे.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर राहायचं होतं, तेव्हा सांगणं भागच पडलं. ताईनं ताट वाढून समोर ठेवलं. मास्तरांनी ते हलकेच पुढे सारलं.

"ताई, मला हे चालणार नाही आता. मी ऑपरेशन करून घेतोय. पोटाचं."

ताईच्या हातातली पळी भांड्यावरच थांबली. "काय झालंय तुला? गाठ आहे?"

"नाही गं. वजनासाठी. पोट लहान करतात."

"म्हणजे धडधाकट पोट कापून घेणार तू?"

"धडधाकट कुठलं, ताई. परवा माझ्यामुळे एक मुलगी—"

"आई अशीच गेली होती," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "साधं आहे म्हणाले होते. संध्याकाळी घरी सोडू म्हणाले होते. तुला काय आठवणार, तू एवढासा होतास."

"ते दिवस वेगळे होते."

"पोट तेच असतं, बाळ्या." ती उठली, मास्तरांचं भरलेलं ताट उचलून परत पातेल्यात रिकामं करायला लागली, एकेक पदार्थ, चमच्यानं निपटून. "आणि माझ्या हातचं खाऊनच तू असा झालास, असंच ना? मीच केलं हे."

"असं म्हणालो का मी?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मी यायची नाही तिथे. आधीच सांगते. मला नाही बघवायचं."

मास्तर पायऱ्या उतरून खाली आले. स्वतःच्या घरातलं टेबल त्यांनी कधी जेवायला वापरलंच नव्हतं. त्यावर इस्त्रीचे कपडे असायचे. कपडे बाजूला करून तिथे बसून त्यांनी गाळलेलं सूप प्यायलं. कप रिकामा झाल्यावरही संध्याकाळ तशीच्या तशी शिल्लक होती.

हॉस्पिटलमध्ये भरती करून घेणाऱ्या कारकुनानं विचारलं, "सोबत कोण आहे?"

"येतंय," मास्तर म्हणाले. ऑपरेशन थिएटरकडे नेताना नर्सनंही तेच विचारलं. तिलाही त्यांनी "येतंय" सांगितलं. एव्हाना त्यांचा स्वतःचाही त्यावर थोडा विश्वास बसायला लागला होता. आडवं पडून छताचे दिवे मागे जाताना बघत ते दाराकडे कान लावून होते. मग तोंडावर मास्क आला.

शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती तहान. दुसरं म्हणजे खांदा. कापलं पोट आणि दुखतोय खांदा, हे त्यांना काही केल्या कळेना. "पोटात गॅस भरतात ना, तो वर चढतो," नर्स म्हणाली. "चालायला लागा, उतरेल." पाणी मागितलं तर तिनं ओठांना ओला बोळा लावला. पुढे घोटभर पाणी मिळालं, औषधाच्या एवढ्याशा कपातून. तो घोट खाली उतरताना त्यांना वाटेतली प्रत्येक जागा कळली.

पॅसेजमधून चालायचं होतं. त्यांच्यासारखेच आणखी दोघं-तिघं सलाईनचा दांडा ढकलत चालत असत, पण प्रत्येकाच्या कोपराला कोणीतरी धरलेलं. एका बाईचा नवरा तर तिच्या मागे खुर्ची घेऊनच फिरायचा, दमली की लगेच खाली सरकवायला. मास्तर त्या दोघांना वाट देऊन भिंतीशी उभे राहिले. "तुमचं कोणी नाही आलं?" तो सहज म्हणाला.

"येऊन गेली बहीण आत्ताच," मास्तर म्हणाले. "वरच राहते माझ्या. फार जीव आहे तिचा."

यातली शेवटची दोन वाक्यं खोटी नव्हती.

डिस्चार्जच्या वेळी मात्र अडलं. घरी न्यायला माणूस असल्याशिवाय सोडणार नाहीत, असा नियम होता. मालकांना फोन करावा, तर सगळ्या स्कूलभर बोभाटा झाला असता. तिथे त्यांनी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून रजा टाकली होती. फोनमधली नावं वर-खाली सरकवताना मास्तरांच्या लक्षात आलं, की यातले बहुतेक जण आपल्याकडे गाडी शिकून गेलेले आहेत. शिकले आणि गेले. शेवटी त्यांनी चित्रकलेच्या बाईंना फोन लावला. बाईंना नुकतंच लायसन मिळालं होतं.

बाई आल्या, नवऱ्याची गाडी धुऊन-पुसून. मास्तर शेजारी बसले. नर्सनं पोटावर धरायला उशी दिली होती. बाईंनी गाडी काढली आणि पहिल्याच वळणाला असा ब्रेक मारला की मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"मेलात का?" बाई किंचाळल्या.

"नाही. पण क्लच आधी दाबा," मास्तर उशी आवळून म्हणाले.

पुढच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला. बाईंच्या कपाळावर घाम आला, तेव्हा मास्तर एकदम म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमचं चुकलं नव्हतं. तुमचं थोडं चुकलं, पण ते सावरायचं काम माझं होतं. माझा पाय पोचला नाही. पोटामुळे. म्हणून हे केलं."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. हॉर्न वाजतच होते. "मग इतके दिवस मला रडत ठेवलंत?"

"हो."

"चांगलं केलंत, आज सांगितलंत ते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली. घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. पण मास्तरांना दारापर्यंत धरून नेलं, उशी सोफ्यावर नीट ठेवली आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "मला राग आलाय. उतरला की फोन करीन."

त्यानंतर घर आणि मास्तर.

सर्जन बाईंनी दुखण्याबद्दल सांगितलं होतं, थकव्याबद्दल सांगितलं होतं. दिवस इतका लांब असतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. नाश्ता, चहा, जेवण, पुन्हा चहा, मधेच काहीतरी तोंडात टाकणं, रात्रीचं जेवण: एवढ्या खुंट्या दिवसाला असतात, म्हणून तो टांगला जातो. त्या उपटल्यावर तो नुसता जमिनीवर पसरला. भूक तर पार नाहीशी झाली होती. पोटात कावळे ओरडायचे ते कुठे उडून गेले कोण जाणे, आणि त्यांच्याशिवाय मास्तरांना घरात भयाण शांत वाटायला लागलं. थोडं पाणी प्यायचं, थांबायचं, पुन्हा थोडं प्यायचं. घाई झाली की छातीत दगड बसायचा आणि तोंडाला फेस यायचा. कधी कधी ते खिडकीशी बसून उगाचच रडायचे. आपण धडधाकट पोट कापून घेतलं, ताई म्हणत होती ते खरं होतं, असं वाटायचं. संध्याकाळी जिन्यातून ताईच्या फोडणीचा वास उतरायचा. वास दारापर्यंत यायचा, ताई येत नव्हती.

मग एका संध्याकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली दिसली. आत छोटा डबा, डब्यात गाळलेलं सूप. कोमट, बिनतिखटाचं, पाण्याइतकं पातळ. म्हणजे ताईनं कुठेतरी विचारून घेतलं होतं. मास्तरांनी ते चमच्याचमच्यानं संपवलं, डबा लख्ख धुतला आणि सकाळी तिच्या दाराच्या कडीला लावून आले. बेल वाजवायला हात उचलला होता, पण आतून रेडिओचा आवाज मोठा झाला, तेव्हा ते मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा आला, सूप जरा दाट. तेही कसंबसं जमलं. डबा रिकामा परत गेलेला बघून ताईला काय वाटलं असेल, ते पुढच्या डब्यावरून कळत गेलं. आधी मऊ भात आला. मग भात आणि उकडलेली अंडी. मग मोठा डबा, दोन खणांचा, बटाट्याची भाजी आणि वर काहीतरी गोडाचं. मास्तरांनी भाताचे चार घास घेतले आणि पाचव्याला त्यांना न्हाणीघराकडे धावावं लागलं.

आता खरं म्हणजे वर जाऊन सांगायचं होतं, 'ताई, एवढं नाही जात मला.' एका वाक्याचं काम होतं. पण भरलेला डबा परत पाठवणं म्हणजे ते ताट पुन्हा पुढे सारणं. आणि डबा बंद झाला असता तर? दिवसभरात त्यांच्या दाराला लागणारा तो एकच हात होता. मास्तर तो डबा घेऊन खाली चौकीदाराकडे गेले. चौकीदार एकटा माणूस, पाव आणि चहावर दिवस काढणारा. तो खूश झाला. मास्तर शेजारच्या बाकावर बसायचे, तो जेवताना बघायचे, आणि मग डबा वर आणून धुवायचे.

"तुमच्या ताईंच्या हाताला काय चव आहे हो," चौकीदार बोटं चाटत म्हणायचा.

"आहेच," मास्तर म्हणायचे.

हे बरेच दिवस चाललं. मधल्या काळात मास्तर कामावर रुजू झाले. कपडे अंगावर लोंबत होते, केस कंगव्यात यायला लागले होते, उन्हातसुद्धा थंडी वाजायची. मालकांनी त्यांना दारात बघून आधी "बोला साहेब, टू-व्हीलर की कार?" असं विचारलं आणि मग ओळखून डोळे विस्फारले. "अरे मास्तर! हर्निया होता की कोण होतं आत?" सगळे हसले. पण ते हसू तिथेच संपलं. पुढे कोणाला काय बोलावं ते सुचेना. इतकी वर्षं सगळ्यांची त्यांच्याशी गाठ पडायची ती त्यांच्या पोटाशी, तिथूनच चेष्टा सुरू व्हायची, तिथूनच "काय, आज डब्यात काय?" व्हायचं. आता जेवणाच्या सुट्टीत मास्तर एका वाटीतलं चमच्यानं उकरत बसायचे, आणि बाकीचे त्यांच्यासमोर मोठा घास घ्यायला अवघडून हळूहळू दुसऱ्या टेबलाकडे सरकले. डबलसीट म्हणून कोणी हाक मारीना. त्या हाकेची आपल्याला आठवण येईल असं मास्तरांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गाडीत सीट पुष्कळ पुढे आली होती. पाय ब्रेकवर अलगद टेकायचा. पहिल्या दिवशी त्यांनी तो दोनदा विनाकारण दाबला, आणि शिकणारा पोरगा दचकला.

डब्याचं बिंग फुटायचं तेव्हा फुटलंच. पाळणाघराला अचानक सुट्टी मिळाली, ताई नेहमीपेक्षा लवकर डबा लावून बाजारात गेली, आणि परत आली तेव्हा फाटकाशी चौकीदार तिच्याच डब्यातून जेवत होता. शेजारी मास्तर, हातात काही नाही.

"बसा ताई," चौकीदार भाबडेपणानं म्हणाला. "आज मीठ अगदी बरोबर पडलंय."

ताईनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती मास्तरांना बघत होती, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की ऑपरेशननंतर ती त्यांना पहिल्यांदाच समोरून बघतेय. तिची नजर चेहऱ्यावरून मानेवर, मानेवरून सैल शर्टावर उतरली.

"रोज?" तिनं विचारलं.

"सुरुवातीला खायचो. मग जाईना. सांगणार होतो—"

"मी वेडी. वर बसून म्हणायची, संपवलं बाळ्यानं, बरा झाला." पिशवीतला भाजीपाला सावरत ती आत गेली. जिन्यात तिची पावलं एकेक पायरी थांबत वर चढत होती. चौकीदारानं डब्याचं झाकण लावलं आणि पुढे घास घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी कडीला पिशवी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. जिन्यातून फोडणीचा वास यायचाही बंद झाला.

तो वास बंद झाल्यानंच मास्तर घाबरले. ताई आजारी तर नाही? एका संध्याकाळी ते वर गेले आणि या खेपेला त्यांनी बेल वाजवली. ताईनं दार उघडलं. तिच्या हातात पावाचा तुकडा होता. ओट्यापाशी उभ्या उभ्याच ती तो खात असावी. टेबल स्वच्छ, कोरडं, त्यावर काहीही नव्हतं.

"हे जेवण तुझं?" मास्तर म्हणाले.

"एकटीसाठी कोण मांडत बसतं."

ते आपल्या खुर्चीवर बसले. खुर्ची मोठी वाटली. ताई समोर बसली, पाव हातातच होता. दोघंही टेबलाच्या मोकळ्या फळीकडे बघत राहिले. हातांचं काय करायचं ते दोघांनाही कळेना.

"दाखव," ताई एकदम म्हणाली.

"काय?"

"कापलंय ते."

मास्तरांनी शर्ट वर केला. लोंबणाऱ्या कातडीची त्यांना लाज वाटली, पण ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं वाकून ते बारीक डाग बघितले, नखाएवढे, इकडे-तिकडे विखुरलेले. एकावर बोट ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटलं, आईसारखं असेल. इथून इथपर्यंत." तिनं स्वतःच्या पोटावरून हात फिरवला, मग तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरून ती रडायला लागली. मास्तरांनी तिला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. तिचं रडणं ऐकून आपण काय करायचं असतं, तेही त्यांना माहीत नव्हतं.

"आई गेली तेव्हा तू दिवस-रात्र रडायचास," ती जरा वेळानं म्हणाली. "मला तरी काय कळत होतं? तू रडायला लागलास की मी तुझ्या तोंडात काहीतरी घालायची. की गप्प व्हायचास. मला वाटायचं, जमलं. मग तू हसत असलास तरी घालत राहिले, न जाणो पुन्हा रडलास तर."

"मला आवडायचं ताई."

"ठाऊक आहे. म्हणून तर." तिनं नाक पुसलं. "मी तिथे यायला हवं होतं. निघाले होते त्या दिवशी. बसस्टॉपवरून परत आले."

थिएटरच्या दाराकडे कान लावून पडलेला तो माणूस मास्तरांना आठवला, आणि त्याच्यासाठी आता करण्यासारखं काहीच नव्हतं. राग आला होता का? थोडा आला होता. तो तिथेच बसू दिला त्यांनी.

"भूक लागते का आता?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मग संध्याकाळी काय करतोस?"

"बसतो."

"मी पण बसते," ताई म्हणाली.

गोष्ट इथे गोड व्हायला हरकत नव्हती, पण तसं काही झालं नाही. मास्तर पुन्हा वर जायला लागले खरे, पण रोज नाही. जेवण मधे नसलं की दोघांकडे बोलायला किती कमी आहे, हे पहिल्याच आठवड्यात उघडं पडलं. ताई ताटात चार घास घ्यायची, मास्तर वाटीतले तीन चमचे अर्धा तास पुरवायचे, आणि मग घड्याळाचा आवाज ऐकू यायचा. एकदा त्यांनी पत्ते काढले, पण ताईला हरायला आवडत नव्हतं हे मास्तरांना नव्यानं कळलं. एकदा ताईनं पाळणाघरातल्या एका पोराची गोष्ट सांगितली, जो फक्त तिच्याच हातून खातो. सांगता सांगता ती मधेच थांबली. चित्रकलेच्या बाईंचा राग उतरायला महिना लागला. त्यांनी फोन केला, तेव्हा तो रिव्हर्स कसा घ्यायचा हे विचारायला. मास्तरांनी फोनवरच सगळं समजावलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ते हसत होते, एकटेच, सोफ्यावर.

वजन उतरत राहिलं. गुडघे गप्प झाले. झोपेत श्वास अडकेनासा झाला, त्यामुळे सकाळी लवकर जाग यायची आणि आधीच लांब असलेला दिवस आणखी लांब व्हायचा. तपासणीला गेले की सर्जन बाई पाठ थोपटायच्या. "कसं वाटतंय?" त्या विचारायच्या.

"हलकं," मास्तर म्हणायचे. त्या खूश व्हायच्या.

एका रविवारी दुपारी मास्तर आडवे पडले होते, तेव्हा वरून जिन्यातून हाक आली.

"बाळ्या! येतोयस का वर?"

"काय केलंयस?" त्यांनी पडल्या पडल्याच ओरडून विचारलं. इतक्या वर्षांचं वळण, तोंडातून निघूनही गेलं. मग त्यांनी जीभ चावली.

"काही केलं नाहीये रे," ताईचा आवाज आला. "नुसतं ये."

मास्तर उठले. चपला शोधायला त्यांना थोडा वेळ लागला.